दगड कुणी धुवायचा

"तू धू. तुमच्या लोकांच्या हाताला सवय असते."

सर हे मराठीत म्हणाले. हसत म्हणाले. कोलकात्यातल्या गोऱ्यांच्या जुन्या कबरस्तानात आम्ही पाच विद्यार्थी उभे होतो. बाकीचे चौघे बंगाली. त्यांना काही कळलं नाही. कळू नये म्हणूनच तर मराठी. मी ब्रश घेतला आणि खाली बसून दगडावरचं शेवाळ खरवडायला लागले.

सर माझे संशोधनाचे मार्गदर्शक. इथेच कोलकात्यात, बालीगंजला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं मराठी घराणं. पहिल्याच भेटीत त्यांनी आडनाव विचारलं. मग गाव. मग, "गावात घर कुठल्या बाजूला?" माझे बाबा विदर्भातून इथे खिदिरपूरच्या गोदीत नोकरीला आले, मी वाढले इथेच. तरी घर कुठल्या बाजूला ते मी सांगितलं. त्यानंतर माझ्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

माझा विषय रोमच्या पडत्या काळातली टोळ्यांची स्थलांतरं आणि तेव्हाचे लॅटिन शिलालेख. खरे रोमन दगड इथे कुठले? म्हणून शनिवारी कबरस्तान. पाद्र्यांच्या, साहेबांच्या कबरींवर लॅटिन कोरलेलं असतं, त्यावर हात बसवायचा. आधी दगड धुवायचा. मग त्यावर जाड ओला कागद लावून ब्रशने ठोकायचा. वाळला की अक्षरांचा ठसा उठतो. मग वाचन. ज्याने वाचलं त्याचं नाव ठशाखाली. अशी वाचनं नावावर नसतील तर प्रबंध पुढे सरकत नाही.

धुणं आळीपाळीने करायचं, असा नियम होता. धुवायची मीच. चिखलाचे हात धुऊन परत येईपर्यंत कागद चढलेला, वाचन सुरू झालेलं. माझ्या नावावर एकही ठसा नाही.

घरी येऊन मी त्या टोळ्यांपैकी गॉथांबद्दल वाचायची. हूणांच्या भीतीने डॅन्यूब नदी ओलांडून आलेली उपाशी माणसं. रोमन अधिकाऱ्यांनी त्यांना खायला कुत्री विकली आणि बदल्यात त्यांची पोरं गुलाम म्हणून घेतली. आणि पुस्तकात रानटी कोण, तर ही उपाशी माणसं. राग यायचा, पण रागापेक्षा थकवा जास्त. बाबा गाव सोडून एवढ्या लांब आले, तरी गावाची वेस आमच्याबरोबर गाडीत बसून आलीच.

मग एका शनिवारी सरांनी पायाने बादली माझ्याकडे सरकवली. "चल, लाग कामाला. तुमच्या रक्तातच आहे हे."

मी उभी राहिले. म्हणाले, "आमि आर धोबो ना." मी यापुढे धुणार नाही. मग सर मराठीत आज काय म्हणाले, आधी काय म्हणाले होते, ते सगळं शब्दाला शब्द बंगालीत सांगितलं. शुभ्रा, जिच्याबरोबर मी रोज डबा खायची, खाली बघायला लागली. सर इंग्रजीत म्हणाले, गैरसमज झालाय. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात, मराठीत: "प्रबंधावर सही माझीच लागते, विसरू नकोस."

तेही मी बंगालीत सांगितलं.

कुणी माझ्या बाजूने बोललं नाही. त्या दिवशी दगड तसाच राहिला आणि सगळे घरी गेले.

आता विभागप्रमुख म्हणतात, सरांची लेखी माफी माग, मिटवून टाकू. बाबाही तेच म्हणतात. "मागून टाक ना माफी, पोरी. एवढी शिकली तू, एका शब्दापायी घालवू नको." बाबांवर रागावता येत नाही. आयुष्यभर असंच मिटवत मिटवत त्यांनी मला शिकवलं. पण त्यांच्याकडे बघितलं की मला कळतं, मिटत काहीच नाही. फक्त आपण झिजतो.

मी थकले आहे. भांडायची हौस नाही. पण माफी मागणार नाही. मार्गदर्शक बदलून मागितला आहे. नाही मिळाला तर प्रबंध अडू दे, वर्षं जाऊ देत. सर माझ्याशी मराठीत जे जे बोलतील, ते मी चारचौघांत बंगालीत सांगेन. प्रत्येक वेळी.