अर्जातलं झाडाचं वय

माझ्या नाकावर राग असतो, हे अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक आहे. त्या आठवड्यात मात्र मी जरा जास्तच तडकत होते आणि कारण कुणाला सांगता येत नव्हतं. मी नगरपरिषदेच्या अर्जात खोटं लिहून आले होते.

आमची जागा भंडाऱ्याच्या जुन्या वस्तीत. बाबांचे हातमाग कधीच बंद झाले, मागांची खोली उतरवली आणि मोकळी जागा उरली. तिथं एका ठेकेदाराला धरून छोटी छोटी चार घरं बांधायची, असं आम्ही भावंडांनी ठरवलं. त्यातलं एक माझं. मास्तरकी करत सिहोरा, आसगाव, जिथं बदली झाली तिथं मी दुसऱ्यांच्या खोल्यांत राहिले. भिंतीत खिळा ठोकायचा तरी घरमालकिणीला विचारायचं. चोपन्नाव्या वर्षी मला माझी स्वतःची भिंत हवी होती. आणि त्या भिंतीच्या बरोब्बर जागी बाबांचा कडुनिंब उभा होता.

पन्नाशी ओलांडलेलं झाड तोडायला परवानगी सहजासहजी मिळत नाही. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, पस्तीस लिहा ना. झाड काय जन्माचा दाखला दाखवनार हाय?" मी हसले आणि 'अंदाजे पस्तीस' लिहिलं. खोटी सही आणणाऱ्या पोरांना बाकावर उभं करणारी मी!

तो निंब बाबांनी माझा जन्म झाला त्याच पावसाळ्यात लावलेला. माझ्यासाठी नव्हे हं. सुताचा लांबलचक ताणा अंगणात पसरायचा, त्याला पेज लावायची आणि कुंच्यानं विंचरायचा, ही आमची पांजणी. कडक उन्हात पेज भरकन वाळते आणि सूत तटातट तुटतं, म्हणून सावली हवी. लहानपणी मी विचारायची, "बाबा, झाड माह्यासाठी लावलं ना?" ते म्हणायचे, "ताण्यासाठी लावलं वो बाई." मी दिवसभर फुगून बसायची.

अर्ज गेला आणि नगरपरिषदेनं झाडावर नोटीस चिकटवली: हरकत असल्यास सात दिवसांत कळवावी. झाडाचं वयही त्यात छापलं होतं. बाबा रोज सकाळी चष्मा लावून नोटिशीसमोर उभे राहायचे, एकेका अक्षरावरून बोट फिरवायचे. मला वाटायचं, आता बोलतील, आता भांडतील. ते गुमान येऊन चहा प्यायचे. शेवटी मीच तडकले, "काय वाचून राहिले रोज रोज? पाठ कराची हाय काय?"

"पाहून राहिलो, गोंद बराबर लागला का नाई ते," ते म्हणाले.

चोराच्या मनात चांदणं. त्यांच्या चहाच्या घोटाचा आवाजसुद्धा मला टोचायला लागला होता.

सात दिवस सरले, हरकत कुणीच घेतली नाही आणि पाहणीला एक अधिकारी बाई आल्या. माझ्या हाताखाली शिकली असती, इतकी लहान. तिनं छातीच्या उंचीवर टेप लावून खोडाचा घेर मोजला. मोजताना तिचं बोट एका खोल वळात अडकलं.

"हा वळ कशाचा?"

बाबांचा चेहरा फुलला. "ताण्याचा दोर बांधत होतो ना इथं! एक टोक इथं, दुसरं त्या खुट्याले. उजाडाच्या पयले पेज शिजे. ही पोरगी फराक घालून कुंचा धराले ये, आन् सूत तोडून ठेवे..."

तिथं ते एकदम थांबले. माझे पांढरे केस बाईंना दिसतच होते. मी फ्रॉकमध्ये असताना दोर पेलणारं झाड आज पस्तीस वर्षांचं कसं असेल?

"मग बाबाजी, झाडाचं वय काय असेल?" तिनं सरळ विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "पोरीनं लिवलं तेवढंच. पस्तीस."

बाबांना मी उभ्या जन्मात खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. लुगड्यात एक धागा चुकला तरी गिऱ्हाइकाला आधी तो दाखवणारा माणूस हा. एक खरा शब्द बोलले असते तर झाड वाचलं असतं, आणि ते झाड माझ्यासाठी देऊन टाकत होते. मला राग आला, पण तो स्वतःचाच.

"मॅडम, अर्जात मी खोटं लिहिलं," मी म्हणाले. "झाड माझ्या वयाचं आहे. माझ्या आधार कार्डाची झेरॉक्स त्याच फायलीत लावली आहे. तोच त्याचा जन्माचा दाखला समजा."

बाजूला उभ्या ठेकेदाराला खोकल्याची उबळ आली. बाईंनी फाईल उघडून माझी जन्मतारीख पाहिली, मग खोडाकडे, मग माझ्याकडे पाहिलं. आता ही आपल्याला बाकावर उभं करणार, असं मला वाटलं. ती म्हणाली, "अर्ज दुरुस्त करून द्या आणि नकाशा बदला. घरांची रांग अलीकडे ओढली तर तीन घरं जशीच्या तशी बसतात. चौथ्याची एक खोली जाईल."

"चौथं कोनाचं?" ठेकेदारानं विचारलं.

"माझं."

याला कुणी त्याग वगैरे म्हणू नये. मला त्या खोलीचं वाईट वाटलं, पाहुणे आले की अजूनही वाटतं.

संध्याकाळी बाबा निंबाखाली बाज टाकून बसले होते. नोटीस त्यांनी पाणी लावून लावून सोलून काढली होती आणि आता सालीवर राहिलेला गोंद नखानं खरवडत होते. मी बाजेच्या कडेला टेकले.

"खोटं काहून बोलले तुमी? झाड गेलं असतं ना."

त्यांनी नखातला गोंद फुंकून उडवला.

"झाड मंग दुसरं लावलं असतं," ते म्हणाले. "तुले त्या बाईसमोर खोटं पाडून मी कोन्या सावलीत बसलो असतो, माय?"