तीस मीटरचा चौकोन

आमच्या वाडीचा खारबंधारा माथ्यावर जेमतेम दीड मीटर रुंद. सरकारी नकाशातला एक चौकोन तीस मीटरचा. गेली दोन वर्षं माझं डोकं तापलंय ते या दोन मापांपायी, आणि ते थंड व्हावं अशी माझी फारशी इच्छाही नाही.

मी जामसंड्यात ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. माहेर मसुऱ्याच्या बाजूला, खाडीकाठी. तिथे खाडी आणि भातशेती यांच्या मधे मातीचा एक बांध आहे, बाहेरच्या अंगाने जांभ्याचे चिरे लावलेला. भरतीचं खारं पाणी तो अडवतो म्हणून आत भात पिकतं. आत माझ्या काकांची, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाची, आणि वाडीतल्या इतरांची शेतं. दरवर्षी पावसाआधी घरटी एक माणूस बांधावर जायचा. कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, पाडलेली भोकं गवत आणि चिखल कोंबून बुजवायची, निसटलेले चिरे परत बसवायचे. एक वर्ष हे काम चुकलं तर खाडी घरात येईल, हे आम्हाला पाटी हातात यायच्या आधीपासून माहीत होतं.

अलीकडे घरटी माणूस काढायचा तर घरात माणूस हवा. बरीच घरं गणपतीपुरती उघडतात. त्यातच खाडीच्या वळणावर बांध खालून पोखरला गेला. तिथे मोठे दगड आणि यंत्र लागणार होतं, ते वाडीच्या हातचं नव्हतं. म्हणून काकांनी पुढाकार घेऊन दुरुस्तीचा अर्ज केला. चार महिन्यांनी उत्तर आलं. उपलब्ध नकाशानुसार सदर जमीन नियमित भरतीखाली येत असून तेथे बंधारा आढळून येत नाही, सबब दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही.

ते पत्र वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकांनी मात्र पत्र दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि बांधावर फेरी मारून आले. तो जागेवर आहे ना, हे बघायला गेले असणार.

तो नकाशा मी आधी पाहिला होता, आणि हीच सगळ्यात बोचणारी गोष्ट आहे. आदल्या वर्षी ग्रामसभेत तो दाखवायला शहरातून माणसं आली होती. आज भरतीचं पाणी कुठवर येतं आणि पुढेमागे समुद्र चढला तर कुठवर येईल, याचा नकाशा. पडद्यावर आमचा गाव चौकोनाचौकोनांत कापलेला. प्रत्येक चौकोन आपल्या चार शेजाऱ्यांकडे बघतो, जो खाली असेल त्याला आपल्यातलं पाणी देतो. मग सगळे चौकोन पुन्हा एकदा तेच करतात, पुन्हा तेच. बघता बघता निळा रंग खाडीतून वर सरकत जातो.

मी पाहताक्षणी ओळखलं. याला सेल्युलर ऑटोमाटा म्हणतात. नाव भारदस्त, पण खेळ पोरांचा. मी तो वर्गात फरशांवर मुलांना उभं करून शिकवते. शेजारचे दोघे उभे असतील तर तू उभा राहा, नाहीतर खाली बस. मी टाळी वाजवली की सगळ्यांनी एकदम नियम पाळायचा. दहा टाळ्यांत वर्गभर अशी नक्षी फिरायला लागते की शिपाईसुद्धा दारात थांबतो. याच रीतीने सड्यावरचा वणवा कुठल्या बागेकडे वळेल, घाटात गाड्या कशा तुंबतील, जत्रेच्या रांगेत गर्दी कुठे दाटेल, हे आधी संगणकावर बघता येतं. वीस वर्षं शिकवते आहे, तरी मला त्याचं कौतुक सरत नाही.

तर सरपंचांनी सभेत मलाच विचारलं, तू यातली आहेस, हे बरोबर आहे का बघून सांग. मी उठले. पाव तास बोलले. पदर खोचून बोलले म्हणा ना. पद्धत चांगली आहे, जगभर वापरतात, घाबरण्यासारखं काही नाही, असं सगळं सांगितलं. हरकती नोंदवायला महिनाभराची मुदत होती. एकही हरकत गेली नाही, कारण वाडीतली शिकलेली मुलगी बरोबर म्हणाली होती.

चौकोन केवढा, हे मी विचारलं नाही.

पत्र आल्यावर मी रजा टाकली आणि काकांना घेऊन ते पत्र पाठवणाऱ्या कार्यालयात गेले. साहेब बोलायला सज्जन, चहा मागवला. नकाशा मोठा करून दाखवला. आमची शेतं निळी, काकांचं खळंसुद्धा निळं. काका खुर्ची सरकवून त्या निळ्याजवळ गेले. मग म्हणाले, "साहेबांनू, मी चाळीस वर्सां त्या बांधावर चलत इलंय. तो गेलो खंय?"

साहेबांनी शुद्ध मराठीत सांगितलं की नकाशा शास्त्रीय आहे, त्यात व्यक्तिगत मताला जागा नाही. चाळीस वर्षं चाललेल्या पायांना ते व्यक्तिगत मत म्हणत होते. मी आवाज चढवला, ते मला मान्य आहे. शेवटी त्यांनी नकाशा करणाऱ्या तज्ज्ञाला फोन लावून दिला. तो शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकणारा, पण हुशार होता, तेही सांगायला हवं. चौकोन केवढा म्हटल्यावर त्याने लगेच सांगितलं, तीस मीटर. एका चौकोनाला उंची एकच, आतल्या सगळ्या जमिनीची सरासरी.

मग काय राहिलं? वाडीतल्या सगळ्यांच्या उंचीची सरासरी काढली तर माडावर चढलेला माणूस त्यात कुठे दिसतो? तीस मीटरच्या चौकोनात खाडीचा चिखल, शेताचा चिखल आणि मधे आमचा दीड मीटरचा बांध. सरासरीत तो विरघळून गेला. यंत्राच्या दृष्टीने खाडी आणि शेत यांच्या मधे काही नव्हतंच, मग पाणी आत जाणार नाही तर काय करणार? नियमाने आपलं काम चोख केलं होतं.

याला उपाय आहे आणि तो अवघड नाही. दोन चौकोनांच्या मधल्या रेषेवर एवढ्या उंचीची भिंत आहे, तेवढं चढल्याशिवाय पाण्याने पलीकडे जायचं नाही, असं यंत्राला सांगता येतं. मी ते त्याला म्हटलं. त्याने मान्य केलं. पण बांधांची यादी त्यांना कोणी दिली नव्हती, आणि आता ते त्यांच्या कामात बसत नव्हतं. वर म्हणाला, मॅडम, हरकतींच्या मुदतीत तुमच्या गावातून काहीच आलं नाही. मी फोन साहेबांच्या हातात परत दिला.

पुढचे चार रविवार मी आणि काकांनी बांध मोजला. ओहोटी बघून जायचो. दर दहा पावलांवर रुंदी टेपने आणि उंची गवंड्याच्या पाण्याच्या नळीने. नळीचं एक टोक काका धरायचे, दुसरं मी, आणि आकडे मी वहीत लिहायचे. काकांना वाटेत एखादं कुर्लीचं भोक दिसलं की मोजणी थांबायची, आधी ते बुजायचं. मग कॉलेजच्या संगणकावर मी तोच नियम मांडला. बांध न घालता चालवला तर शेतं निळी. रेषेवर बांध घातला तर शेतं कोरडी. वळणाचा पोखरलेला तुकडा ढासळला असं धरलं तर पाणी त्याच एका फटीतून आत येऊन सगळीकडे पसरलं. तीन चित्रं छापून घेतली आणि साहेबांच्या टेबलावर मांडली. म्हटलं, दुरुस्ती फक्त इथे हवी, या बोटभर जागेत.

त्यांनी चित्रं पाहिली, काम चांगलं आहे म्हणाले. पण अधिकृत नकाशा एकच असतो, आणि तो पुढच्या फेरीत सुधारला जाईल. फेरी कधी, ते त्यांना माहीत नव्हतं. माझी चित्रं त्यांनी एका फायलीत नीट लावून घेतली. कागद नीट ठेवण्यात त्यांची हयगय नसते.

त्या वर्षी वाडीने होतं तेवढं केलं. वाळूच्या गोण्या लावल्या, साठीच्या पुढची माणसं चिरे उचलत होती. आषाढी अमावास्येच्या उधाणाला भर दुपारी वळणावरचा तुकडा खचला. मी पोचले तेव्हा लावणी झालेल्या शेतांवर खाडी सपाट पसरली होती आणि रोपांचे शेंडे पाण्यात हलत होते. असं खारं झालेलं शेत गोडं व्हायला दोन-तीन पावसाळे जातात, तेही बांध लगेच बांधला तर. काका त्र्याहत्तर वर्षांचे आहेत.

पंचनाम्याला साहेब स्वतः आले. पायात गमबूट, हातात प्लास्टिकच्या पाकिटातला तोच नकाशा. शेताच्या कडेला मेरेवर उभे राहून त्यांनी एकदा नकाशा पाहिला, एकदा शेत. आणि चेहऱ्यावर चक्क समाधान आणून म्हणाले, "बघा मॅडम, नकाशा तंतोतंत जुळला."

नकाशात बांध नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून बांध गेला, आणि बांध गेला म्हणून नकाशा खरा. हा माणूस खोटारडा असता तर मी त्याच्याशी भांडले असते. त्याला ते मनापासून पटलेलं होतं.

कागदावर नुकसानीचं कारण लिहिलेलं होतं, नैसर्गिक भरती. खाली पंच म्हणून माझी सही हवी होती. मी पेन हातात घेऊन तशीच उभी राहिले. काका गुडघाभर पाण्यातून माझ्याजवळ आले.

"लिही गो बाय," ते म्हणाले. "हय बांध होतो म्हणान लिही."

साहेब म्हणाले, त्याला रकाना नाही. मी समासात आडवं लिहिलं. येथे बंधारा होता. मग त्याच्याखाली लिहिलं, नकाशा दाखवला त्या सभेत मी हजर होते आणि तो बरोबर आहे असं मीच सांगितलं. त्याखाली सही केली.

काकांनी चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या. खालच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ह्या खोड."

"मी खोडूचंय नाय, काकानू," मी म्हटलं, आणि कागद साहेबांच्या हातात दिला.