इथं प्लेट पडली, तिकडं कॅन्टीन रिकामं झालं

नाही, मला अजूनही पटलेलं नाही. काल ग्रुपवर सगळे माझ्यावरच तुटून पडलात. म्हणे, कॉलेजात पोरांकडं बंदूक असली की कुणाची वाकडं वागायची हिंमत होत नाही. मी सातवी नापास, मला काय कळतंय! पण आजचं ऐका.

माझी बहीण सुनी अमेरिकेत शिकते. तिच्या कॉलेजात पोरांना बंदूक बाळगायची परवानगी आहे. संध्याकाळी इथं आखातात, मुसफ्फाच्या वर्कशॉपमधून मी तिला व्हिडिओ कॉल लावला. तिकडं सकाळ. ती कॅन्टीनमध्ये बसलेली, मागं पोरं खात होती, खिदळत होती.

तेवढ्यात माझ्यामागं क्रेनवरून लोखंडी प्लेट पडली. धाडकन! आमच्याकडं कुणी मानसुद्धा वळवली नाही.

पण तो आवाज सुनीच्या फोनमधून गेला आणि तिकडचं अख्खं कॅन्टीन गायब. नुसत्या खुर्च्या. कुणी ओरडलं नाही, रडलं नाही. मग एका टेबलाखालून हात वर आला. पिस्तूल. त्याची नळी बरोबर सुनीकडं. लगेच दुसऱ्या टेबलाखालून अजून एक.

"दादा, बोलू नको," सुनी कुजबुजली. मग मोठ्यानं, "सॉरी, फोन आहे, फोन!" असं इंग्लिशमध्ये म्हणाली.

पोरं वर आली, बसली, परत खायला लागली. हसलीसुद्धा.

"सुने, घरी निघून ये."

"सवय होते रे दादा. तू पैसे पाठव, मीपण एक घेते."

तुमची बहीण असती तर कशाचे पाठवले असते? मी तिकिटाचे पाठवतोय. तीन हजार दिरहम, म्हणजे आपले सत्तर हजार.