शून्य दाखवणारं नाक

माझ्या नाकाबद्दल आमच्या घरात कुणाचंच मत चांगलं नव्हतं. ते मोठं होतं, नको तिथं खुपसलं जायचं आणि ऐन वेळी कामाला यायचं नाही. तरीही नव्वदच्या दशकात काही वर्षं मी नाकं विकूनच पोट भरलं. यंत्राची नाकं. कुपवाडला एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही गॅसगळती ओळखणारी यंत्रं जोडायचो. आतला सेन्सर बाहेरून यायचा, डबा आम्ही करायचो आणि तो डबा गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधायचं काम माझ्याकडे होतं. साताऱ्याहून डिप्लोमा करून आलो होतो, स्कूटर होती, टाय होता. टाय का होता, ते विचारू नका.

माझं पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे बेदाण्याचं एक कोल्ड स्टोरेज. बेदाण्याला गारठा लागतो आणि तो गारठा पाइपातून फिरणारा अमोनिया करतो. अमोनिया बाहेर सुटला तर आधी नाक, मग डोळे, मग छाती, असा तो माणसाचा समाचार घेतो. गळती शोधायचं काम तिथल्या कंप्रेसरवरच्या म्हाताऱ्याकडे होतं. लष्करातून आलेला, म्हणून सगळे त्याला फौजी म्हणत. आष्ट्याची शेती भावानं गिळलेली, बायको गेलेली. कंप्रेसरमागची खोली हेच त्याचं घर. रोज सकाळी मालक आले की तो मिशीवरून हात फिरवत पाइपांच्या रांगेतून चालायचा, नाक वर करून दोन लांब श्वास ओढायचा आणि सांगायचा, "दोन नंबरच्या वॉल्व्हला हाय थोडी." बघावं तर असायचीच. मालक पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या फौजीचं नाक म्हंजे रडार हाय."

अशा ठिकाणी मी यंत्र घेऊन गेलो. मालकांनी ते ठेवून घेतलं ते गरजेपोटी नव्हे, गंमत म्हणून.

ते पहिलं यंत्र स्वस्तातलं होतं. त्यात एक तापलेला मणी असतो. हवेत काही वेगळं आलं की त्यातून जाणारी वीज कमीजास्त होते आणि भोंगा वाजतो. अडचण एवढीच, की 'वेगळं' म्हणजे नेमकं काय, हे त्या मण्याला कळत नाही. अमोनियाला तो वाजायचा तसाच हमालांच्या फोडणीलाही वाजायचा. रंगाऱ्यानं थिनरचा डबा उघडला, वाजला. खंडेनवमीला कंप्रेसरला हार घातला, हळदकुंकू लावलं, मालकांनी धूप पेटवला आणि आरतीचं पहिलं कडवं संपायच्या आत माझ्या डब्यानं असा गळा काढला, की गुरुजी तबक टाकून आवाराबाहेर पळाले. फौजी जागचा हलला नाही.

"गॅस न्हाई," तो म्हणाला. "सायबाच्या यंत्राच्या अंगात आलंय."

ओल्या टॉवेलानं यंत्राचं तोंड बांधलं आणि आरती पुढे सुरू झाली. त्या दिवसापासून हमालांनी माझं नाव 'धूपआरती' ठेवलं. माझी स्कूटर फाटकात शिरली की कुणीतरी टाळ्यांचा ठेका धरायचं.

मी ही थट्टा हसण्यावारी नेली, असं लिहिलं तर शोभून दिसेल. नेली नाही. त्या म्हाताऱ्याचं नाक एकदा सगळ्यांदेखत खाली करायचं, असं मी मनाशी धरलं.

संधी आयती आली. एकदा ते यंत्र काढून न्यायला मी भल्या सकाळी पोचलो. पाहतो तर फौजी हातात जळती गंधकाची काडी घेऊन एकेका जोडाजवळ फिरत होता. अमोनिया असेल तिथं गंधकाचा धूर एकदम पांढराफटक, दाट होतो. जुनी, चोख पद्धत. दोन नंबरच्या वॉल्व्हपाशी धूर दाटला, फौजीनं काडी विझवली, हात धुतले आणि बाहेर लिंबाखाली येऊन बिडी पेटवली. म्हणजे रडार पहाटेच तयार होत होतं.

मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. माझ्या पिशवीत यंत्र तपासायच्या अमोनियाची बाटली होती आणि तिचं बूच, माझ्या इतर कामांसारखंच, नीट बसलेलं नव्हतं. वॉचमन नाकाला उपरणं लावून लांब सरकला. मलाही ठसका लागला. फौजी शांतपणे बिडी ओढत म्हणाला, "हवा लय झ्याक सुटलीय आज."

मी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानं वॉचमनकडे पाहिलं, माझ्या पिशवीकडे पाहिलं, आणि बिडी टाकली. इतकी वर्षं अमोनिया हुंगून हुंगून त्याचं नाक मेलेलं होतं.

"सायेब," तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "कुनाला बोलू नगा. कंप्रेसर गेला तर खोली जाईल."

"नाही बोलणार," मी म्हणालो. शब्द पाळला. बोललो नाही, दाखवलं.

त्यासाठी मी चांगलं महागातलं यंत्र आणलं, हातात धरायचं. त्यात मणी नसतो, एक छोटा सेल असतो. अमोनिया आत शिरला की आतल्या रसायनाची त्याच्याशी क्रिया होते, तेवढीच वीज तयार होते, आकडा दिसतो आणि तो वाढला की भोंगा वाजतो. धूप, फोडणी, थिनर यांच्याकडे तो ढुंकूनही बघत नाही. मालकांना मी म्हणालो, "पुढच्या सौद्याच्या दिवशी व्यापाऱ्यांसमोर फौजी आणि यंत्र यांची लढत लावू. मात्र काडी-बिडी काही नाही. नुसतं नाक."

मालकांचे डोळे चमकले. "लावा कुस्ती!"

आता या सेलची एक खोड आहे. तो हुंगतो तेवढा झिजतो. प्रत्येक वासागणिक आतलं रसायन थोडं थोडं संपत जातं. हे मला माहीत होतं. माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं आणि मी तेच गिऱ्हाइकांना पाठ म्हणून दाखवत असे. पण सौद्याला अवकाश होता, यंत्र हातात होतं आणि मी मी होतो. शेडमध्ये जो येईल त्याला यंत्रापुढे अमोनियात भिजवलेला कापसाचा बोळा धरून दाखवला. चहावाल्याला दाखवला, शेजारच्या लेथवाल्याला दाखवला, त्याच्या मेहुण्याला दाखवला. सुट्टीला साताऱ्याला गेलो तर एसटी स्टँडच्या मुतारीत यंत्र धरून उभा राहिलो. ते असं किंचाळलं, की अर्ध्यात उठून माणसं बाहेर आली. घरी काकांच्या डोक्यावरून फिरवलं. त्यांनी नुकताच बाटलीतला अमोनियावाला कलप लावला होता आणि 'आमच्या घराण्यात केस पिकत नाहीत' हे ते नव्या व्याह्यांना सांगत होते. यंत्र वाजलं. व्याही हसले. काका माझ्याशी पुढे बोललेच नाहीत. मी मात्र खूश होतो, एवढं तल्लख यंत्र!

सौद्याच्या सकाळी मी ते सुरू करून पाहिलं. शून्य. व्वा, म्हटलं, हवा स्वच्छ आहे. मेलेला सेल आणि स्वच्छ हवा, दोन्हींचा आकडा शून्यच असतो, ही गोष्टही त्याच माहितीपत्रकात होती.

अंगणात टेबलावर तीन पेले मांडले. तिन्हींत कापूस, दोहोंत साधं पाणी, एकात अमोनियाचं, तेही अगदी पातळ. ते पातळ मीच करायला लावलं होतं. उग्र असतं तर नाक मेलेलं असलं तरी त्याच्या डोळ्यांना झोंबून त्याला कळलं असतं. ती वाटही मी बुजवली होती.

फौजी इस्त्रीचा शर्ट घालून आला. माझ्याकडे एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं नाही. एकेका पेल्याशी वाकून त्यानं लांब श्वास घेतले, अगदी रोजच्यासारखे. पण त्याची नजर पेल्यांवर नव्हती, भोवतालच्या माणसांच्या नाकांवर होती. मधल्या पेल्याजवळ एका जाड्या व्यापाऱ्यानं नाक चोळलं. फौजीनं बोट ठेवलं.

"ह्यात."

मधल्यात साधं पाणी होतं. व्यापाऱ्यानं तपकीर ओढली होती.

सगळेच हसले. "आवं फौजी, रडारची दिशा चुकली!" हमालांनी शिट्ट्या मारल्या. फौजी अटेन्शनमध्ये उभा होता. मी टाय सरळ केला, यंत्र उचललं आणि मांडवातल्या नवरदेवासारखा टेबलापाशी गेलो. पहिला पेला, शून्य. बरोबर. दुसरा, शून्य. बरोबर. तिसरा. शून्य.

मी ते पेल्यात जवळजवळ बुडवलं. शून्य. हलवलं, थोपटलं, फुंकर मारली. हिरवा दिवा शांतपणे जळत होता.

"ए धूपआरती, भोंगा कुठं इसरला रं?"

मालक हसता हसता पोत्यावर बसले. "दोन पैलवान, दोगंबी चीत!"

घाबरून मी एका दमात बोलून गेलो, "मालक, यंत्र उत्तम आहे. फक्त त्याचं नाक संपलंय. नवं मिळतं. उद्याच बदलून देतो, माझ्याकडून."

मालकांचं हसू थांबलं. त्यांनी फौजीकडे मान वळवली.

"आनि ह्याचं कुठं मिळतं, इंजिनेर?"

त्याच आठवड्यात कंप्रेसरवर नवा माणूस आला आणि खोली त्याला मिळाली. फौजीला हाकललं मात्र नाही. तो वजनकाट्याच्या केबिनमध्ये झोपायचा आणि दिवसा फाटकावर बसायचा. मी नवा सेल बसवला, यंत्र कंप्रेसरच्या भिंतीवर टांगलं आणि पोळलेल्या शहाणपणानं मालकांना बजावलं, "पाहुण्यांना दाखवायला म्हणून यंत्र वाजवत बसू नका. दर वेळी ते झिजतं."

मालक हुशार. त्यांनी ते मनावर घेतलं.

पुढच्या हंगामात मी गेलो तेव्हा तासगावकडचे एक स्टोरेजवाले पाहुणे आलेले होते. ते यंत्राकडे हात करून म्हणाले, "वाजवून दावा की जरा."

"त्येला हात लावू नगा, खर्च व्हतोय," मालक म्हणाले. "थांबा, दुसरी गंमत दावतो. फौजी, ये रं हिकडं!"

फौजी आला. त्याला सवय झालेली दिसत होती. मालकांनी बोळा अमोनियात चांगला भिजवून त्याच्या नाकाशी धरला. त्याच्या दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या.

"काय हाय रं?"

"मोगरा, मालक."

पाहुणे खदखदा हसले. फौजीनं बाहीनं डोळे पुसले, बोळा घेतला आणि तो घेऊन सरळ माझ्यासमोर आला.

"हुंगा की, सायेब. तुमचं तरी शाबूत हाय का बगू."

मी दोन पावलं मागं सरलो, स्कूटरला अडखळलो. पाहुणे पुन्हा हसले, या वेळी मला. मालकांनी फौजीच्या हातात चहाचा कप दिला, त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि पाहुण्यांना म्हणाले,

"बगितलं? ह्येला काय बदलावं लागत न्हाई."

पाहुण्यांनी त्याच बैठकीत माझ्याकडून दोन यंत्रं घेतली.