पाहुण्यांसाठी केलेली यादी

रायपूरला कोणाचे नातेवाईक येणार असले की मला फोन येतो. कुठे खायचं, काय बघायचं? वीस वर्षं इथे राहून मी मोबाईलवर एक यादीच करून ठेवली आहे. सकाळी ब्राह्मणपाऱ्यात पोहे-जलेबी, पण नऊच्या आत. नंतर उरलेसुरले गार पोहे मिळतात. दुपारी फरा खा. तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके असतात ते, सोबत टमाट्याची चटणी मागून घ्या. तेलीबांध्याच्या तलावावर दिवे लागल्यावर जा, उन्हात जाऊ नका. गुपचुप म्हणजे आपली पाणीपुरी, ती तिथेच खा. मॉल तुमच्याही गावात आहे, त्यात वेळ घालवू नका.

ही यादी मी एकदाच चुकीच्या माणसासाठी वापरली.

आई गेल्यावर बाबा नागपुरात एकटे राहत होते. रेल्वेतून निवृत्त, वय ऐंशीच्या घरात. एका दुपारी डाळीचं भांडं गॅसवर ठेवून ते झोपले आणि धूर बघून शेजारणीने दार ठोठावलं. तिचा मला फोन आला, तेव्हाच मी ठरवलं की बाबांना कायमचं आमच्याकडे, समता कॉलनीत आणायचं. नवऱ्याने मागची खोली रिकामी केली, मी त्यांच्यासाठी कमी उंचीचा पलंग घेतला. बाबांना मात्र फोनवर म्हटलं, "चार दिवस या इकडे." समोरासमोर विचारू, असा विचार होता. आधी गाव दाखवू, मन रमेल, मग तिसऱ्या संध्याकाळी चांगल्या हॉटेलात जेवताना विषय काढू. ऑफिसातून तीन दिवसांची रजा घेतली.

बाबांनी सगळं मुकाट्याने पाहिलं. ब्राह्मणपाऱ्यात पोहे खाऊन "छान आहे" म्हणाले. नव्या रायपूरच्या मोठ्या बागेत उभारलेली आदिवासींची मातीची घरं पाहून "छान ठेवलं आहे" म्हणाले. तेलीबांध्याला गुपचुपवाल्या भैयाने विचारलं, "दादाजी, तीखा कम कर दूँ?"

"काहे को कम? नागपूर का आदमी है, डालो!"

चौथ्या गुपचुपला त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी रुमाल पुढे केला तर म्हणाले, "वारा लागून राहिला." झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. भैया हसला, मीही हसले, आणि मला वाटलं, झालं, रमले.

तिसऱ्या दिवशी रात्री आठचं टेबल सांगून ठेवलं होतं. चारच्या सुमाराला चहा घेऊन बाहेर आले, तर बाबा सोफ्यावर बसलेले. अंगात प्रवासाचा शर्ट, पायाशी बॅग.

"हे काय करून राहिले तुम्ही, बाबा?"

"झालं ना तुह्यं सगळं दाखवून? आता गाडी पाहा एखादी. संध्याकाळची असेल तर बरं."

"काहून? काही कमी पडलं का?"

"कमी? लय केलं तुम्ही लोकांनी. जावईबापूंनी बी गाडी चालवली तीन दिवस." त्यांनी चहा बशीत ओतला. "तुह्या आईच्या माहेरचे आले की मी बी असंच करत होतो ना. बर्डीवर नाश्ता, महाराजबाग, तेलंगखेडीचा तलाव. तीन दिवस फिरवायचं, चौथ्या दिवशी तिकीट हातात द्यायचं. पाव्हण्यानं आपणहून निघावं, त्याले सांगायची पाळी येऊ देऊ नये."

पाहुण्याची सरबराई मी त्यांच्याकडूनच शिकले होते. आणि ती इतकी नेटाने केली होती, की आपण इथे पाहुणे आहोत हे त्यांना दर जेवणाला कळत होतं.

स्वयंपाकघरात जाऊन मी हॉटेलला फोन केला आणि टेबल नको म्हणून सांगितलं. फ्रिजमध्ये आदल्या दिवशीचा भात होता. आमच्या माहेरी एक गोष्ट पक्की होती: पाहुण्याच्या पानात शिळं जाणार नाही. पाहुण्यांसमोर ताजं, आणि आम्ही भावंडं आतल्या खोलीत शिळा भात फोडणी देऊन खायचो. गेले तीन दिवस उरलंसुरलं मी आणि नवरा बाबांची नजर चुकवून ओट्यापाशी उभ्याने संपवत होतो.

मी कढई ठेवली. भातात कांदा, शेंगदाणे, तिखट घातलं. ताटं काढली नाहीत. कढई तशीच सोफ्यापुढच्या टेबलावर आणून ठेवली आणि दोन चमचे.

"शिळा आहे," मी म्हटलं. "कालचा."

बाबांनी आधी कढईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पाव्हण्याले शिळं वाढून राहिली?"

"पाव्हण्याले कुठं वाढलं, बाबा?"

पुढचं वाक्य मी तीन दिवस मनात तयार केलं होतं. तब्येत, दवाखाना जवळ, मागची खोली हवेशीर. त्यातलं काहीच बोलले नाही. म्हटलं, "उद्यापासून माझं ऑफिस आहे. घरी कोणी नसते. मले तुम्ही इथं पाहिजे."

ते खाली बघून खायला लागले. मी त्यांच्या तोंडाकडे न बघता दुसऱ्या बाजूने खात होते.

"मोहरी जाळली तू," ते म्हणाले.

"बरं."

"तुह्या आईले सांगून सांगून थकलो मी, गॅस बारीक करत जा म्हणून. तू बी तशीच."

"मग उद्या तुम्ही द्या फोडणी. मी असताना द्या."

"देईन." त्यांनी कढईच्या कडेला लागलेली खरवड चमच्याने काढली. "नागपूरच्या घराची किल्ली शेजारणीपाशी ठेवली आहे. तिले फोन लावून दे. दूधवाल्याले दूध बंद कर म्हणावं."

"किती दिवस बंद म्हणून सांगू?"

"बंद म्हणजे बंद," बाबा म्हणाले. "काहून, त्याले तारीख पाहिजे काय?"

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला आणि आत गेले. नाक शिंकरलं, तोंड धुतलं. ते मोठ्याने बोलत होते, दूधवाल्याचं, वीजमीटरचं, कुंडीतल्या तुळशीचं. बॅग अजून तिथेच होती. मी ती उचलून मागच्या खोलीत नेली आणि शर्ट हँगरला लावायला घेतले.