रविवारी आलेला सईचा फोन

मी गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्या करणारा इंजिनिअर. जे मोजता येत नाही ते मी मानत नाही... म्हणजे, मानत नव्हतो.

आम्ही जर्मनीत र्युसेल्सहाइमला राहतो — मी, बायको माधुरी आणि मुलगी सई. आबिटूर, म्हणजे इथली बारावी, झाल्यावर सई मैत्रिणीबरोबर मध्य अमेरिका बघायला गेली. सात छोटे देश, बसने नि बोटीने. ग्वाटेमालात ज्वालामुखी आणि माया बायकांचे बाजार, शेजारच्या बेलीझमध्ये एकदम प्रवाळ आणि इंग्रजी बोलणारी माणसं... रोज फोटो यायचे.

सई इथेच वाढली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये.

त्या रविवारी ती बेलीझहून बोटीने होंडुरासला निघणार होती. आमची जेवणं उरकली होती, तेवढ्यात घरातला लँडलाइन वाजला.

"पपा, समुद्र खवळलाय. आम्ही बोटीत चढत नाही. आईला सांग, काळजी करू नकोस म्हणावं."

"अगं, आज चक्क मराठी?" मी हसलो. फोन बंद.

"काहीतरीच काय हो!" माधुरी म्हणाली. "सई आणि एवढं मराठी?"

संध्याकाळी तिथल्या एका वेबसाइटवर वाचलं — तीच बोट उलटली होती. काही प्रवासी सापडले नव्हते. दोघींचेही मोबाइल लागेनात.

"नक्की तिचाच आवाज होता ना हो?" माधुरी पुन्हा पुन्हा विचारत होती.

"हो," मी म्हणायचो. दर वेळी आवाज आणखी खाली जायचा.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल आला. सई! रडत, जर्मनमध्ये म्हणाली, "आई, तू हॉस्टेलवर फोन केलास म्हणून आम्ही थांबलो. नंतर वादळाने नेटवर्कच गेलं."

"मी? मी कुठे केला?"

"हो, तूच! बोटीत चढू नकोस म्हणालीस. आणि काय सुंदर जर्मन बोललीस!"

माधुरीचं जर्मन बेकरीत ब्रेड मागण्यापलीकडे गेलेलं नाही. हॉस्टेलचा नंबरही आमच्याकडे नव्हता.

"आणि तू लँडलाइनवर केलास तो?" मी विचारलं.

"नाही, पपा. माझा मोबाइल आदल्या दिवशीच पाण्यात पडला. मी कुणालाच फोन केला नाही."

राउटर तपासला, टेलिफोन कंपनीला विचारलं. त्या दुपारी आमच्याकडे एकही कॉल आला नव्हता. आम्ही तिघं त्यावर हजारदा बोललो.

सई सुखरूप परतली. हल्ली हौसेने मराठी बोलते. मला आनंद व्हायला हवा. पण बाहेरून तिचा फोन आला आणि पलीकडून स्वच्छ मराठीत "पपा, मी पोचले" ऐकू आलं, की मी तिला मध्येच थांबवतो.

"सई," मी म्हणतो, "आधी जर्मनमध्ये बोल."