टेबलाच्या मधोमध

माझ्या भावानं चौकीदारी सोडली, तेव्हा त्यानं भंगारातून घेतलेली मशीन अजून सुरूसुद्धा झाली नव्हती. मी नागपुरातून फोनवर ओरडले, "आधी ती चालू तं होऊ दे! कायले घाई करतो?" तो शांतपणे म्हणाला, "तू चालू करून राहिली ना, बाई? मंग होते." त्याच्या या असल्या विश्वासाची मला नेहमीच धास्ती वाटत आली आहे.

भाऊ माझ्याहून बराच मोठा. आमचे वडील चिखल्याच्या मँगनीज खाणीत जमिनीखाली राबले. मुलानं उजेडात काम करावं, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि भावानं ते पुरं केलं. हायवेवरच्या एका कारखान्यात तो सीएनसी मिलिंग मशीनवर ऑपरेटर झाला. लोखंडाचा तुकडा, म्हणजे जॉब, टेबलावरच्या वाइसच्या जबड्यात आवळायचा, कंट्रोलला, म्हणजे मशीनच्या कॉम्प्युटरला, मापं सांगायची, की टेबल आपोआप सरकत जातं आणि वर फिरणारा कटर तो जॉब कोरून काढतो. आमच्या विहारात कार्यक्रम असला की त्याला पुढच्या ओळीत बसवायचे. वडील मुद्दाम मागे बसून त्याची पाठ बघत.

मग कारखाना बंद पडला आणि भाऊ मँगनीजच्या ट्रकांच्या आवारात शिट्टी घेऊन उभा राहू लागला. गावात सगळे त्याला अजून "ऑपरेटर" म्हणत. काही प्रेमानं, काही चिडवायला. त्याला दोन्हीचा सारखाच त्रास व्हायचा. चौकीदारीत कमीपणा आहे असं मी म्हणत नाही, पण त्याला तो वाटत होता आणि त्या माणसानं हसणंच सोडून दिलं होतं.

कारखान्याचं सामान भंगारात निघालं, तेव्हा त्यानं नेमकी आपलीच मशीन उचलली. तिचं कंट्रोल मेलेलं होतं. पडदा काळा, आतली कार्डं बाजारातून कधीच गेलेली. नाकाडोंगरीला आमच्या घराशेजारी पत्र्याचा शेड घालून त्यानं ती आणवली. क्रेनवाला नारळ घेऊन आला होता. भाऊ म्हणाला, "आमच्यात फोडत नाही, बाबू. दे इकडं, चटणी करू." बऱ्याच दिवसांनी त्यानं केलेला तो पहिला विनोद. वहिनी हसत हसतच आत गेली.

लाखनीच्या एका पंप दुरुस्तीवाल्यानं त्याला सांगून ठेवलं होतं, "बेअरिंगचं एक घर बरोबर गोल करून आण, मंग कामाची कमी नाही पडू देत." तेवढा एक नग जमला की भाऊ पुन्हा ऑपरेटर. सगळं त्या एका नगावर येऊन ठेपलं होतं, आणि तो नग माझ्यावर.

मी इलेक्ट्रॉनिक्सवाली. नागपुरात पॅनल बनवणाऱ्या कंपनीत काम करते. रविवारी तुमसरपर्यंत यायचं, तिथून भाऊ गाडीवर घेऊन जायचा. काहीही खरेदी करण्याआधी आम्ही मशीनचं अंग तपासलं. वाहतुकीत हलू नये म्हणून टेबल एका टोकाला सरकवून दोरानं बांधलेलं होतं. तिथंच दोर सोडून टेबल सरकवणारा लांब स्क्रू मी हातानं पुढेमागे फिरवला. जराही ढिला नाही, अगदी घट्ट. भावाची छाती फुगली. "पाह्यलं? माह्याशिवाय हिले कोणाले हात नाही लावू देल्लो." अंग धडधाकट आहे, फक्त डोकं गेलंय, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं.

मग मी जुनं कपाट उघडलं. आत उंदरांनी संसार मांडला होता. सगळ्या वायरी उपसून काढल्या, नव्या मोटरी बसवल्या, त्यांना चालवणारे नवे ड्राइव्ह बसवले. जुन्या कपाटभर पसाऱ्याचं काम आता जेवणाच्या डब्याएवढ्या कंट्रोलमध्ये मावत होतं. कटर सुरू झाला की टेबल दचकायचं. अर्थिंग धड नव्हतं. शेतांतले पंप सुरू झाले की व्होल्टेज बसायचं, त्याला स्टॅबिलायझर लावला. प्रत्येक रविवारी नवी माशी शिंकायची. मी वैतागून पक्कड आपटली की भाऊ ती उचलून, पुसून पुन्हा हातात द्यायचा. त्यानंही मला राग यायचा.

शेवटी एका रविवारी टेबल चाललं. नुसतं हवेत, जॉबशिवाय, या टोकापासून त्या टोकापर्यंत. भाऊ त्याच्याबरोबर चालत होता, पत्र्याच्या शेडमध्ये, इकडून तिकडे. वहिनी दारात चहा घेऊन उभी होती आणि चहा कोणालाच सुचला नाही.

भावानं टेबल मधोमध आणलं, वाइसमध्ये जॉब आवळला आणि गोल कापायला लावला. निघाला तो गोल नव्हता, अंड्यासारखा होता. मी मापं बदलली. पुन्हा तसाच. ड्राइव्हचं सेटिंग बदललं. पुन्हा तसाच. चूक माझ्या बाजूचीच असणार म्हणून मी बटणं दाबत राहिले. भावानं मात्र बारीकशी हालचालही काट्यावर दाखवणारा डायल गेज आणून टेबलाला टेकवला आणि म्हणाला, "आता उलटं फिरव."

मोटर फिरली, टेबल हललंच नाही. गेजचा काटा जागच्या जागी. मग उशिरानं तो सरकला. टोकाला नेऊन तेच केलं तर काटा लगेच हलायचा. टोकाला घट्ट, मधे ढिलं. मधे दिशा बदलताना टेबल मागं राहायचं, म्हणून गोल अंड्यासारखा निघत होता. पायरी मधोमध झिजते तसा स्क्रू झिजला होता आणि टेबल ज्या पट्ट्यांवर सरकतं त्याही. मधला ढिलेपणा काढायला आवळलं की टेबल टोकाकडे जाताना अडकून बसायचं. टोकाला जॉब बांधून पाहिला तर अर्ध्यात टेबलाची धावच संपायची. कंट्रोलला मी काहीही शिकवलं असतं, पण झिजून गेलेलं लोखंड कुठून आणणार?

"हे मधातच काहून झिजलं?" मी चिडून विचारलं.

भाऊ काट्याकडेच बघत होता. "एकच जॉब होता ना आपल्याकडं. गिअरबॉक्सचं झाकण. वाइस मधात, टेबल मधात. नोकरीभर तेच कापलो." मग टेबलावर हात ठेवून म्हणाला, "मीच खाल्लो हिले."

मला रडू फुटलं. नागपुरात विचारून पाहिलं. स्क्रू नवा, पट्ट्या घासायला मशीन दूरच्या शहरात न्यायची, त्यापेक्षा दुसरीच घ्या, असं ज्याला विचारावं तो म्हणायचा. आमच्यासाठी दोन्ही सारखंच अशक्य होतं. लाखनीच्या पंपवाल्यानं फोन केला, तेव्हा भावानं वहिनीला सांगितलं, "तूच उचल. नाही जमलं म्हण." ती फोनवर "नाही जमलं" एवढंच म्हणाली.

पुढच्या महिन्यात भाऊ चौकीदारीवर परत गेला. आवारवाल्यानं जुनीच शिट्टी परत हातात दिली, हे त्यानं स्वतःच सांगितलं. मग एका रविवारी मला म्हणाला, "तुह्यं सामान काढून ने, बाई. नवंच आहे. कोणाच्या तरी कामी येईल."

मी नको म्हटलं, भांडले, आणि शेवटी पेचकस घेतला. तेवढ्यात त्यानं माझा हात धरला. "थांब. चालू आहे तवरिक टेबल मधात आणून ठेव."

मी बटण दाबलं. टेबल सरकत मधोमध येऊन थांबलं. भावानं तेलाचं फडकं घेऊन ते सावकाश पुसलं आणि मला म्हणाला, "कर आता बंद."